दिलेलं कार्ड मंडपात माफ करू नका

प्रति,
विदर्भात गावोगावी कुमार गटाच्या फुटबॉल स्पर्धा भरवणारी मंडळं, शाळा-आश्रमशाळांचे क्रीडाशिक्षक, संघांचे कोच आणि नव्यानं शिट्टी हातात घेतलेले आमचे पंचमित्र यांस,

सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की शालेय स्पर्धांचं वेळापत्रक येतं आणि काळ्या मातीत पाय रुतवत तालुक्याचे सामने सुरू होतात. पुढे सोयाबीन घरात आलं, धान निघालं की गावच्या चषकांचे बॅनर चौकाचौकांत लागतात. दोन्हीकडे खेळणारी पोरं तीच, १४ आणि १७ वर्षांखालची. शिट्टी वाजल्यावरचा गलकाही तोच: पंचाभोवती सात-आठ पोरांचा घोळका, बेंचवरून धावत आलेला कोच, दोरीच्या आत घुसलेले गावकरी. पिवळं कार्ड निघतं, कधी लाल. आणि संध्याकाळी मंडपात चहाच्या कपासोबत ते कार्ड माफ होतं. ‘पोरगं आहे, जाऊ द्या. उद्या सेमीफायनल आहे. पाहुणे येणार आहेत.’

हे पत्र त्या माफीविषयी आहे. मंडपात माफ झालेलं एक कार्ड पुढच्या दहा सामन्यांतल्या पंचांची शिट्टी बोथट करतं. पंचाचं ऐकलं नाही तरी चालतं, कोचनं आयोजकाला फोन केला की भागतं, हे पोरगं एका संध्याकाळीत शिकतं. म्हणून पहिली विनंती आयोजकांना: मैदानात दिलेलं कार्ड मैदानाबाहेर पुसू नका. दुसरी विनंती आम्हा पंचांनाच आहे, आणि ती तेवढीच मोठी आहे. ते कार्ड तेवढ्या लायकीचं असलं पाहिजे. पोराचा साधा प्रश्न म्हणजे अपमान नव्हे.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू. फुटबॉलच्या नियमावलीतला बारावा नियम शब्दानं किंवा कृतीनं पंचाच्या निर्णयाशी हुज्जत घालणाऱ्याला पिवळं कार्ड सांगतो. कृतीनं म्हणजे बॉल जमिनीवर आपटणं, लांब मारून देणं, हात झटकत पंचाकडे धावत येणं, तोंडासमोर टाळ्या वाजवणं. अपमानास्पद, शिवीगाळीची भाषा किंवा तसे हातवारे असतील तर थेट लाल. ‘किती पैसे खाल्ले?’ हा निर्णयाबद्दलचा प्रश्न राहत नाही, तो पंचाच्या प्रामाणिकपणावर घाव आहे आणि आम्ही तो लाल कार्डातच मोजतो. ‘हा फाऊल नव्हता’ हे दहादा ओरडून म्हटलं तरी ते पिवळ्यातच बसतं. या दोन्हींत गल्लत करणारा पंच एका दिवसात दोन संघांचा विश्वास घालवतो.

खेळ सुरू असताना तोंडाच्या गुन्ह्यासाठी शिट्टी मारली, तर पुन्हा सुरुवात विरुद्ध संघाच्या इनडायरेक्ट फ्री किकनं होते, म्हणजे जिच्यावरून थेट गोल धरला जात नाही. बचाव करणारा आपल्या पेनल्टी एरियात पंचाला बोलला तरी इनडायरेक्टच, पेनल्टी नाही. हे ठाऊक नसल्यानं अनेक मैदानांवर पंच पेनल्टी देऊन बसतात आणि मग खरा गोंधळ उडतो. बॉल आधीच बाहेर गेला असेल तर थ्रो-इन, गोल किक, कॉर्नर, जे ठरलं होतं तेच राहतं, कार्ड तेवढं दाखवायचं. आणि बोलणाऱ्याच्या विरुद्ध संघाची चाल चांगली चालली असेल तर थांबायचं. बॉल पुढच्या वेळी थांबला की मग कार्ड. ती वीस सेकंदं पंचाला जड जातात, पण चांगली चाल तोडून कार्ड काढलं तर नाराज संघ एकाचे दोन होतात.

कार्डाचा जन्म कशातून झाला तेही सांगतो, कारण आपल्याकडे ते फार लागू पडतं. १९६६ च्या विश्वचषकात वेम्ब्लीवर इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंचानं अर्जेंटिनाचा कॅप्टन रातीन याला बाहेर काढलं. पंचाला स्पॅनिश येत नव्हती, कॅप्टनला जर्मन येत नव्हती, आणि तो कितीतरी वेळ मैदान सोडेना. त्या स्पर्धेत पंचांचं काम पाहणारे केन ॲस्टन पेशानं शिक्षक. ट्रॅफिक सिग्नलचे रंग पाहून त्यांना पिवळ्या-लाल कार्डाची कल्पना सुचली आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा आली. ती आली भाषेची अडचण सोडवायला. आपल्या एका तालुक्याच्या मैदानावर वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, गोंडी, कोरकू, माडिया यांपैकी दोन-तीन भाषा तरी सहज एकत्र येतात. इथे कार्डाचं काम तेच आहे: शांतपणे, सगळ्यांना एकाच वेळी कळेल असं सांगणं. कार्ड राग काढायला नाही.

आता भाषेचंच घ्या, कारण निम्मी चुकीची कार्डं इथून निघतात. ‘काहून दिला जी फाऊल?’ यात ‘जी’ आहे, म्हणजे मान आहे, आणि प्रश्न खरा आहे. ‘हात बाजूला पसरला होता, म्हणून’ एवढं एका ओळीत सांगावं आणि पुढं निघावं. ‘बे’ हा नागपूर-वर्धा पट्ट्यात दोस्तांमधला श्वासासारखा शब्द आहे. पोरगं धापा टाकत आपल्याच गड्याला ‘पास दे ना बे’ म्हणतं आणि त्याच तारेत पंचाकडे वळून ‘काय झालं बे’ म्हणून जातं. तिथं नजर रोखून ‘सर म्हण’ एवढं पुरतं. तेच पोरगं पंधरा मीटर धावत येऊन, हात उडवत, सगळ्या बेंचला ऐकू जाईल असं ‘काय देऊन राहिला बे!’ म्हणालं तर ते पिवळं कार्ड आहे. शब्द तोच, गुन्हा वेगळा. गोंड, कोरकू, माडिया पोरांची घरची भाषा मराठी नाही, तेव्हा ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची गफलत होऊ शकते. आश्रमशाळेतलं पोर ‘तू पाह्यलं नाही’ म्हणालं म्हणून लगेच खिशात हात घालू नका.

मग ठरवायचं कसं? तीन गोष्टी मनात तपासाव्यात. बोलणं निर्णयावर होतं की माझ्यावर? ते माझ्यापुरतं होतं की मैदानभर ऐकू गेलं? आणि त्यानं आणखी चार जण पेटतील का? तिन्हीचं उत्तर सौम्य असेल तर ऐकून सोडा. एक कडक असेल तर समज द्या. दोन कडक असतील तर कार्ड, उशीर नको. हे तपासायला दोन सेकंदं लागतात आणि ती दोन सेकंदं शिट्टी तोंडातून काढण्यात घालवावीत. शिट्टी ओठांत ठेवून पोराशी बोलणारा पंच रागावलेलाच दिसतो.

पायऱ्या चार. पहिली म्हणजे नजर आणि एक शब्द, धावता धावता, न थांबता: ‘आठ नंबर, ऐकलं मी. खेळ.’ दुसरी खेळ थांबलेला असताना, खेळाडूला एकट्याला बाजूला घेऊन, हळू आवाजात. पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. तिसरी जाहीर समज: शिट्टी मारून खेळ थांबवा, कॅप्टनलाही बोलवा आणि दोघांसमोर एकच वाक्य बोला, ‘यानंतर बोलला तर पिवळं.’ चौथी पिवळं कार्ड. बोलणं सुरुवातीलाच जाहीर आणि चढ्या आवाजातलं असेल तर थेट चौथी पायरी, आधीच्या तीन चढायलाच हव्यात असं नाही. पण एकाला तीनदा समज आणि दुसऱ्याला पहिल्याच शब्दाला कार्ड, असं एका सामन्यात झालं तर पोरं ते लगेच मोजतात. पहिल्या दहा मिनिटांत जी रेघ आखाल तीच शेवटच्या दहा मिनिटांत हवी.

काही वाक्यं पंचानं तोंडातून काढूच नयेत. ‘काय म्हणालास? पुन्हा म्हण!’ हे सगळ्यात वाईट. सोबत्यांसमोर मागं हटणं पोराला जमत नाही, तो पुन्हा म्हणतो, या वेळी मोठ्यानं, आणि पिवळ्याचं लाल होतं. ती पायरी पंचानंच चढवलेली असते. ‘तुझ्या हेडमास्तरांना सांगतो’, ‘कोणत्या गावचा रे तू?’ हेही नको. आपल्याकडे पंच बहुधा स्वतः शिक्षक असतो, म्हणून वर्गातला धाक जिभेवर येतो. पण मैदानात खेळाडूला कळली पाहिजे ती नियमाची शिक्षा. घरच्या, शाळेच्या, गावच्या नावाची भीती तिथे आणू नये. पोराच्या खांद्यावर हात ठेवू नका, दंड धरू नका. कौतुकानंसुद्धा नाही. मुलींच्या सामन्यात तर दोन हातांचं अंतर कायम ठेवा आणि नंबरनं हाक मारा.

कार्ड दाखवतानाही रीत आहे. त्याच्याकडे धावत जाऊ नका, चालत जा. दोन-तीन मीटरवर थांबा, किंचित तिरकं उभं राहा म्हणजे बाकीचे खेळाडू डोळ्यांसमोर राहतील. घोळका असेल तर आधी तिघा-चौघांना हातानं मागं सारा. नंबर आणि मिनिट लिहा, मग कार्ड सरळ वर धरा, तोंडासमोर नाही. वातावरण तापलं असेल तर आधी कार्ड आणि मग लिहिणं, म्हणजे निर्णय झाला हे सगळ्यांना दिसतं आणि वाद थांबतो. त्यानंतर एक शब्दही बोलू नका. कार्डानंतरचं भाषण ही हुज्जतीला दिलेली दुसरी संधी असते.

सगळ्यात जास्त गोंधळ पेनल्टी दिल्यावर होतो, म्हणून ते अर्धं मिनिट जवळून पाहू. शिट्टी लांब आणि जोरात. हात पेनल्टी स्पॉटकडे, एकदाच, ठाम. आणि लगेच पंचानं तिथून निघावं, पेनल्टी एरियाच्या बाजूच्या रेघेकडे, गोललाइनच्या दिशेनं, पण खेळाडूंकडे पाठ न करता. जागेवर उभ्या पंचाला घोळका चार बाजूंनी घेरतो. कडेला सरकलेल्या पंचाकडे एकाच बाजूनं यावं लागतं आणि येणारा पहिला कोण ते स्वच्छ दिसतं. त्या पहिल्याला हात दाखवून थांबवा. तो थांबला तर मागचे थांबतात. तो थांबला नाही तर कार्ड त्याला. पाचव्याला, सातव्याला शोधत बसू नका. सगळ्यांना एकदम कार्डं दाखवायला जाल तर चुकीचा नंबर लिहाल, आणि चुकीचा नंबर लिहिलेलं कार्डच मंडपात सगळ्यात लवकर माफ होतं.

इथपर्यंतचं पंचांसाठी. आता आयोजकांनी मनावर घ्यावं असं. बरीचशी हुज्जत पंच मैदानात पाय ठेवण्याआधीच तयार झालेली असते.

रेघा. पहिल्या सामन्याआधी फक्की मारली, अकरा वाजता सर आली, दुपारच्या सामन्यात टचलाइन कुठंय ते कुणालाच दिसत नाही. मग बॉल बाहेर गेला की नाही यावर प्रत्येक दोन मिनिटांनी वाद. दर दोन सामन्यांनंतर फक्की पुन्हा मारायला एक माणूस आणि एक पोतं राखून ठेवा. कोपऱ्यांवर झेंडे लावा. गोलांना जाळी लावा, मग ती मच्छीमारांची जुनी जाळी असली तरी चालेल. बांबूच्या खांबांमधून, जाळी नसताना जोरात गेलेला बॉल आतून गेला की बाहेरून, हे वीस मीटरवरून पंचाला खरोखर दिसत नाही. ज्या वादात पंचाकडे उत्तर नसतं तोच वाद सगळ्यात लांबतो.

दोरी टचलाइनपासून निदान तीन मीटर मागं बांधा. प्रेक्षक टचलाइनवर पाय टेकून बसले की लाइन्समनच्या कानात ओरडतात, आणि आपल्याकडे लाइन्समन म्हणजे बहुधा त्याच संघाचा राखीव खेळाडू. त्याला सामन्याआधी स्पष्ट सांगा: झेंडा फक्त बॉल पूर्ण बाहेर गेला की वर करायचा, ऑफसाइड आणि फाऊल पंच पाहील. नाहीतर तो आपल्या संघासाठी ऑफसाइड देतो, पंच ती मानत नाही, आणि दोन्ही संघांना वाटतं की पंचानं आपल्याच माणसाला खोटं पाडलं.

जर्सीवर नंबर नसेल तर कार्ड कुणाला दिलं ते नंतर सांगता येत नाही. पैसे नसतील तर पांढऱ्या चिकटपट्टीचे नंबर पाठीवर लावा, पावसात एक सामना टिकतात.

आणि माइक. यावर आम्हाला फार कळकळीनं सांगायचं आहे. लाऊडस्पीकरवरची कॉमेंट्री गावच्या स्पर्धेची जान आहे, ती हवीच. पण ‘अरेरे, पंचांना दिसलं नाही वाटतं!’ हे एक वाक्य माइकवरून गेलं की हजार लोकांना पोरांच्या वतीनं ओरडायची परवानगी मिळते. माइकवाल्याला लेखी सूचना द्या: स्कोअर, नावं, वेळ, कौतुक, सगळं सांगा. पंचाच्या निर्णयावर चकार शब्द नको.

पंचाचं मानधन सकाळीच, समितीच्या हातून द्या. यजमान संघाच्या मॅनेजरनं ते सामन्यानंतर खिशात सारलं तर हरलेल्या संघाच्या पोराला जे वाटतं त्यावर कुठलंही कार्ड इलाज नाही. त्याच कारणानं, ज्या शाळेचा संघ खेळतोय त्या शाळेच्या शिक्षकाला त्या सामन्याची शिट्टी देऊ नका. अदलाबदल करा.

सामन्याआधी दोन्ही कॅप्टन आणि कोचना बोलावून दहा मिनिटांची बैठक घ्या. नियम वाचून दाखवायचे नाहीत, ज्या पाच-सहा गोष्टींवर हमखास भांडण होतं तेवढ्याच सांगायच्या. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट ऑफसाइड नसतो. ‘आधी बॉलला लागलो’ म्हणून धोकादायक टॅकल माफ होत नाही. बॉल हाताला लागणं म्हणजे दर वेळी हँडबॉल नव्हे. २०१९ पासून गोल किक पेनल्टी एरियाच्या बाहेर जाण्याची गरज नाही, पाय लागून बॉल हलला की खेळ सुरू. २०२५-२६ पासून गोलकीपरनं बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर विरुद्ध संघाला कॉर्नर, आणि शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून बोटांनी मोजतो. हा शेवटचा नियम अजून गावात पोचलेला नाही. तो न सांगता लावला तर पोरं खरोखरच गोंधळतात, आणि गोंधळलेल्या पोराला कार्ड देणं अन्याय आहे.

त्याच बैठकीत कॅप्टनचा नियम ठरवा. २०२४-२५ च्या नियमावलीपासून प्रत्येक संघाच्या कॅप्टननं दंडाला पट्टी बांधणं सक्तीचं आहे, आणि मोठ्या निर्णयानंतर फक्त कॅप्टननं पंचाशी बोलायचं, बाकीच्यांनी साधारण चार मीटर दूर राहायचं, ही पद्धतही आता स्पर्धांना वापरता येते. पंच दोन्ही हात डोक्यावर मनगटाशी एकमेकांवर धरतो, मग समोर ढकलल्यासारखे पुढं आणतो. खूण कळली की कॅप्टन आपल्या पोरांना मागं खेचतो, तेही त्याचंच काम. कॅप्टन गोलकीपर असेल तर नाणेफेकीच्या वेळी एक मैदानी खेळाडू नेमून पंचाला सांगा. पण मग पंचानं कॅप्टनला उत्तर दिलंच पाहिजे. कॅप्टन मान राखून विचारतोय आणि पंच ‘जा, खेळ’ म्हणतोय, अशानं दोन सामन्यांत ही पद्धत मरते.

आता त्या शिक्षेविषयी, जी कुमारांसाठी आम्हाला सगळ्यात योग्य वाटते: काही मिनिटं बाहेर बसवणं. नियमावलीनं २०१७ पासून कुमार आणि गावपातळीच्या फुटबॉलसाठी ही सोय ठेवली आहे. पिवळं कार्ड दाखवून पंच दोन्ही हातांनी बाहेरची जागा दाखवतो आणि खेळाडू एकूण सामन्याच्या १० ते १५ टक्के वेळ बाहेर राहतो. २०-२० मिनिटांच्या सामन्यात ५ मिनिटं, ३०-३० च्या सामन्यात ७ मिनिटं ठेवा. मोजणं खेळ पुन्हा सुरू झाल्यापासून. संपूर्ण संघ एकानं कमी खेळतो, त्याच्या जागी बदली येत नाही. वेळ संपली की पंचाच्या परवानगीनं टचलाइनवरून आत. हाफ टाइम आधी आला तर उरलेली मिनिटं दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला भोगायची. गोलकीपरला बाहेर काढलं तर दुसऱ्या खेळाडूनं ग्लोव्ह्ज घालायचे. इंग्लंडमध्ये ३१ लीगमध्ये ही पद्धत केवळ हुज्जतीसाठी वापरून पाहिली तेव्हा हुज्जत ३८ टक्क्यांनी घटली. कारण सरळ आहे. पिवळं कार्ड पोराला लागत नाही, शिक्षा पुढच्या सामन्यात कधीतरी. पण आपल्या बोलण्यामुळे संघ पाच मिनिटं दहाच जणांत धावतोय, हे दोरीजवळ बसून पाहणं लागतं. आणि ते पाहून पोरगं परत आत येतं, खेळतं. त्याचा दिवस संपत नाही. पंधरा वर्षांच्या पोरासाठी हे फार मोलाचं आहे.

दोन पथ्यं. ही पद्धत फक्त हुज्जतीसाठी ठेवा. टॅकल, जर्सी ओढणं यांना नेहमीचं पिवळं कार्डच. आणि संघटनेच्या किंवा शालेय अधिकृत स्पर्धेत ती राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेशिवाय लावता येत नाही, तिथं साधं पिवळं कार्ड. वेळ मोजायला टेबलावर एक माणूस आणि एक घड्याळ लागतं. पंचाला त्याच्या मनगटावरचं घड्याळ पाहून दोन हिशेब ठेवायला लावू नका. १२ वर्षांखालच्यांना आम्ही कार्ड दाखवायचं टाळतो. कोचला सांगतो, याला तीन मिनिटं बसवा आणि दुसरा उतरवा.

पोरं बोलायला शिकतात ती बहुतेक बेंचवरून. म्हणून बेंचभोवती फक्कीनं चौकट मारा: बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर आणि टचलाइनपासून एक मीटर मागं. एका वेळी एकानंच उभं राहून सूचना द्यायच्या. २०१९-२० पासून कोच-मॅनेजरलाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. बेंचवरून शिवी आली आणि कोण बोललं ते कळलं नाही तर कार्ड चौकटीतल्या मुख्य कोचला. कोचला पहिली समज खेळ थांबलेला असतानाच द्या, चौकटीजवळ जाऊन, हळू आवाजात. सगळ्या गावासमोर अपमान झालेला क्रीडाशिक्षक आपल्या पोरांना मग आवरत नाही, आणि का आवरेल?

एका बाबतीत पायऱ्या नाहीत. जातीवरून, आदिवासी म्हणून, रंगावरून, आश्रमशाळेचा म्हणून कुणी कुणाला बोललं, तर खेळाडू असो की कोच, थेट लाल. प्रेक्षकांतून आलं तर खेळ थांबवा आणि माइकवरून सांगायला लावा. पुन्हा आलं तर दोन्ही संघांना काही वेळ मैदानाबाहेर न्या. तिसऱ्यांदा आलं तर सामना बंद. यात पंचानं आयोजकांची परवानगी मागत बसू नये आणि आयोजकांनी पंचाला एकटं सोडू नये.

शेवटी अहवाल, कारण कार्ड टिकतं ते कागदावर. ‘निळ्या संघाच्या खेळाडूने असभ्य वर्तन केले’ असं लिहिलेलं कार्ड मंडपात पाच मिनिटं टिकत नाही. असं लिहा: ‘दुसरा हाफ, १४ वे मिनिट. निळा संघ, क्र. ८. पेनल्टी दिल्यावर सुमारे १५ मीटर धावत आला, दोन्ही हात उडवत "काय देऊन राहिला बे" असे दोनदा मोठ्याने म्हणाला. हाताने थांबवले, थांबला नाही. पिवळे कार्ड, ५ मिनिटे बाहेर. पुन्हा सुरुवात पेनल्टीने.’ बोललेले शब्द जसेच्या तसे, शिवी असली तरी टिंबं न देता. सही, वेळ. त्याच दिवशी, मैदान सोडण्याआधी.

तक्रार करण्याचा हक्क संघांना हवाच. चुकीच्या वयाचा खेळाडू, चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड, नियमाचा चुकीचा वापर, यावर लेखी तक्रार ठरलेल्या वेळेत घ्या आणि ज्यांचा संघ त्या स्पर्धेत नाही अशा तिघांसमोर ठेवा. पण गोल झाला की नाही, फाऊल होता की नाही, बॉल बाहेर गेला की नाही, हे पंचाचं अखेरचं असतं, नियमावलीचा पाचवा नियम तेच सांगतो. पंच सतत चुकत असेल तर पुढच्या वर्षी त्याला बोलावू नका, त्याच्याशी बसून बोला, त्याला शिकायला पाठवा. त्यानं दिलेलं कार्ड मात्र त्या रात्री पुसू नका.

तुमच्या पुढच्या स्पर्धेच्या पत्रकात, प्रवेश फीच्या ओळीखाली, हा मजकूर छापावा अशी विनंती आहे. हवा तसा बदला, पण छापा:

‘पंचांच्या निर्णयावर फक्त कॅप्टन बोलेल. हुज्जतीबद्दल पिवळे कार्ड व ५ मिनिटे मैदानाबाहेर. एकाच सामन्यात दुसऱ्यांदा तसे झाल्यास ५ मिनिटे पूर्ण करून तो खेळाडू त्या सामन्यात परत येणार नाही. शिवीगाळ व जातिवाचक शब्दांबद्दल लाल कार्ड व पुढील सामन्यास बंदी. दिलेले कार्ड आयोजक समिती, प्रायोजक अथवा पाहुणे यांना रद्द करता येणार नाही. चुकीच्या खेळाडूला कार्ड दिले गेल्यास मॅनेजरने सामना संपल्यापासून ३० मिनिटांत लेखी कळवावे.’

आपले,
विदर्भातल्या गावांत शिट्टी घेऊन उभे राहणारे काही फुटबॉल पंच